तळ्याकाठची केबिन उचलाल, पण ठेवाल कशावर?

पत्र: आम्ही मिनीॲपोलिसजवळ राहतो. ब्रेनर्डच्या उत्तरेला तळ्याकाठी एक जुनी लाकडी केबिन घेतली आहे. १९६०च्या सुमाराची, एकमजली, २४ फूट बाय ३२ फूट. खाली पाया असा नाहीच, जमिनीवर काँक्रीटचे ब्लॉक रचून त्यावर ती उभी आहे. दर एप्रिलला मागचं दार अडकतं आणि जूनमध्ये आपोआप सुटतं. स्वयंपाकघरापासून तळ्याच्या बाजूपर्यंत फ्लोअर अडीच इंच उतरलंय. एक ठेकेदार म्हणतो, केबिन उचलून खाली ब्लॉकचं बेसमेंट बांधू. शेजारचे म्हणतात, जॅक लावून पाचरी ठोका, पुढची दहा वर्षं बघायला नको. पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा राहायला येणार आहेत, तोवर काम उरकावं असं वाटतं. नोव्हेंबर ते एप्रिल केबिन बंद असते, आत हीटिंग नसतं. काय करावं?

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: हिवाळाभर केबिन बंद आणि आत हीटिंग नाही. पायाचा निर्णय याच गोष्टीवर ठरतो. बेसमेंटचा बेत सोडून द्या आणि पाचरींच्या भरवशावरही राहू नका. तुम्हाला हवेत ते फ्रॉस्ट लाइनच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्या खोलीच्या, खाली टेकलेले आणि तळाशी रुंद असलेले काँक्रीटचे स्वतंत्र खांब. खोदताना पाणी लागलं तर त्याऐवजी हेलिकल पाइल, म्हणजे स्क्रूसारखे पिळत जमिनीत उतरवायचे लोखंडी पाइल.

आधी दाराचं बघू. एप्रिलला अडकून जूनला सुटणारं दार सांगतं की खालची जमीन गोठून फुगते आणि वितळल्यावर बसते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, पण तेवढ्याने केबिन इंचभर वर जात नाही. खरा जोर वेगळाच असतो. बारीक गाळाच्या मातीत गोठलेल्या थराकडे खालचं पाणी केशाकर्षणाने ओढलं जातं आणि तिथे बर्फाचे थर जाड होत जातात. त्यासाठी थंडी, बारीक माती आणि पाणी या तिन्ही गोष्टी लागतात. तळ्याकाठी पाण्याला तोटा नाही आणि थंडी तुमच्या हातात नाही. त्यामुळे पाया या फुगणाऱ्या थराच्या खाली नेणं आणि त्या थराला खांबाची पकड मिळू न देणं एवढंच आपल्या हाती उरतं.

मात्र सगळे ब्लॉक एकाच कारणाने हललेत असं धरून चालू नका. ऑक्टोबरच्या शेवटी आणि मग जमीन वितळताना, अशा दोनदा उंच्या मोजा. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पुरते. घराबाहेर एखादी न हलणारी खूण धरा, खोल विहिरीचा लोखंडी केसिंग पाइप चालेल, आणि प्रत्येक ब्लॉकवर सिलच्या, म्हणजे भिंतीखालच्या आडव्या तुळईच्या, तळाची उंची लिहून ठेवा. जो आकडा वसंतात वर येतो आणि शरदात परत खाली जातो, तिथे जमीन फुगतेय. जो नुसता खालीच जातोय, तिथे माती दबतेय किंवा वरचं लाकूड कुजलंय. तुमचा अडीच इंचाचा उतार या दुसऱ्या प्रकारातला असण्याचा संभव आहे. कूज बघायला बारीक स्क्रूड्रायव्हर सिलमध्ये दाबा. पाव इंचापेक्षा जास्त सहज घुसला तर तेवढा भाग बदलायचा, आणि तो केबिन उचललेली असतानाच. कुजलेल्या सिलवर जॅक लावलात तर जॅक लाकडातच रुतत जाईल आणि घर होतं तिथेच राहील.

आता बेसमेंट का नको ते. वापरात असलेल्या घराची उष्णता बेसमेंटच्या आजूबाजूची जमीन गोठू देत नाही. बंद केबिनमध्ये ती उष्णताच नसते. मग थंडी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी येते, बेसमेंटच्या स्लॅबखालची माती गोठते आणि स्लॅब वर उचलला जातो. बाहेरची गोठलेली माती भिंतीला आत ढकलते आणि ब्लॉकच्या भिंतीला आडवी चीर पडते. त्यात तळ्याकाठचं भूजल वर असेल तर पंप अखंड चालवावा लागणार, आणि बंद घरात वीज गेली की तेही संपलं. हिवाळाभर किमान हीटिंग ठेवणार असाल, जागा उंच बांधावर असेल आणि माती रेताड असेल, तरच हा विचार करावा. तुमच्याकडे यातली पहिलीच अट पूर्ण होत नाही.

बेसमेंटला कायद्याचीही अडचण आहे. मिनेसोटाचा किनारा-व्यवस्थापन कायदा १९६९चा, म्हणजे तुमची केबिन त्याच्या आधीची. आजच्या राज्य नियमात तळ्याच्या सामान्य उच्च जलरेषेपासून (पाणी बराच काळ राहून काठावर खूण उमटते ती रेषा) बांधकामाचं किमान अंतर तळ्याच्या वर्गावर ठरतं. सांडपाण्याची सार्वजनिक लाइन नसेल तर ‘जनरल डेव्हलपमेंट’ तळ्याला ७५ फूट, ‘रिक्रिएशनल’ला १०० आणि ‘नॅचरल’ला १५०. काउंटी याहून कडक असू शकते. केबिन या अंतराच्या आत असेल तर ती दुरुस्त करायला किंवा आहे तेवढ्याच आकारात बदलायला कायद्याची आडकाठी नाही, पण वाढवता येत नाही. नवं बेसमेंट ही वाढ ठरण्याची दाट शक्यता आहे, कधी नुसती उंची वाढली तरी प्रश्न येतो. म्हणून पाया बदलल्यावर फ्लोअर किती उंचीवर येणार तो आकडा अर्जात स्पष्ट लिहा. सगळ्यात खालचं फ्लोअर आजवरच्या सर्वोच्च जलपातळीच्या किंवा सामान्य उच्च जलरेषेच्या, यांतली जी उंच असेल तिच्या, किमान ३ फूट वर असावं असाही नियम आहे. तिथे तुम्ही कमी पडत असाल तर उंची वाढवायला तेच सबळ कारण होतं. ग्रामीण भागात काही ठिकाणी इमारत परवाना लागत नाही, पण किनारपट्टीचा झोनिंग परवाना लागतोच, आणि त्याच वेळी सेप्टिकची तपासणी मागितली जाते. अजून एक: केबिन उचलताना पडली आणि निम्म्याहून जास्त किंमतीचं नुकसान झालं, तर जुना हक्क टिकवायला १८० दिवसांत बांधकामाचा अर्ज करावा लागतो. घराच्या साध्या विम्यात उचलण्याची जोखीम सहसा नसते. उचलणाऱ्या कंपनीचं विमापत्र कामाआधी स्वतः वाचा.

परवान्याच्या आधी खड्डा खणा. केबिनपासून पाच-सहा फुटांवर, ६ फूट खोल, तळ्याच्या बाजूला एक आणि मागे एक. त्याहीआधी ८११ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइन आखून देणाऱ्या सेवेला, फोन करा. सुट्ट्या सोडून किमान ४८ तास आधी कळवावं लागतं. ते सार्वजनिक लाइन आखून देतात, पण सेप्टिकचा पाइप आणि शेडकडे नेलेली वायर तुम्हालाच शोधावी लागते. खड्ड्यातली माती ओली करून बोटांत चोळा. पिठासारखी गुळगुळीत लागली आणि सुकल्यावर धूळ उडाली तर तो गाळ, फुगणारी माती. खरखरीत रेती असेल तर नशीब चांगलं. मग रात्रभर थांबून सकाळी पाणी किती खोलीवर आलंय ते मोजा. जमिनीपासून चार फुटांच्या आतच पाणी आलं असेल तर काँक्रीटच्या खांबांचा विचार तिथेच थांबवा. मोजणी झाली की खड्डे लगेच बुजवा, उघडे ठेवू नका.

खांब किती आणि केवढे, याचा ढोबळ हिशोब असा. फ्लोअरचे जॉइस्ट, म्हणजे फ्लोअर पेलणाऱ्या तुळया, २४ फुटांच्या दिशेने जातात आणि मध्ये एक आधार आहे असं धरलंय. म्हणजे ३२ फूट लांबीचे तीन बीम: दोन कडेला, एक मध्ये. राज्याच्या उत्तर भागात छतावर बर्फाचा भार दर चौरस फुटाला ४२ पौंड धरतात, छताचं स्वतःचं वजन १५ धरू. छत फक्त बाहेरच्या भिंतींवर टेकत असेल तर कडेच्या बीमवर दर फुटाला छताचे सुमारे ८००, फ्लोअरचे ३०० आणि भिंतीचे ८० पौंड, मिळून ११८०च्या आसपास येतात. मधल्या बीमवर फक्त फ्लोअरचे ६००. बरेच जण सवयीने ८ फुटांवर खांब घेतात. तेवढ्या अंतराला तीन फळ्या जोडलेला २×१२चा बीम या बर्फाखाली कमी पडतो. ३२ फुटांचे पाच भाग करा, म्हणजे खांब सुमारे ६ फूट ५ इंचांवर येतील आणि तोच बीम पुरेल. एका रांगेत सहा, तीन रांगांत अठरा खांब.

कडेच्या खांबावर साधारण ७,५५० पौंड येतात. माती गाळाची किंवा चिकण असेल तर चाचणीशिवाय दर चौरस फुटाला १,५०० पौंडच धरतात. त्या हिशोबाने ५ चौरस फूट तळ हवा, त्याला ३२ इंच व्यासाचं फूटिंग, म्हणजे खांबाखालचा रुंद तळ, पुरेल. मधल्या रांगेला २४ इंच पुरेल. फूटिंगची जाडी १२ इंच, वर १२ इंच व्यासाची पुठ्ठ्याची ट्यूब. तुमच्या भागात फूटिंगचा तळ जमिनीखाली ६० इंचांवर हवा. ट्यूब जमिनीच्या वर फूटभर ठेवली तर एकूण काँक्रीट ५.८ घनयार्ड होतं, वाया जाणारं धरून साडेसहा मागवा. हे ८० पौंडांच्या गोण्यांनी करायचं तर अडीचशेवर गोण्या लागतील. ट्रकच मागवा. पण भरलेला ट्रक सेप्टिकच्या चरांवरून जाता कामा नये, आणि वसंतात तिकडच्या रस्त्यांवर वजनाचे निर्बंध असतात हेही लक्षात ठेवा. हे आकडे ठेकेदाराशी बोलताना उपयोगी पडावेत म्हणून दिलेत. अंतिम नकाशावर राज्याचा परवाना असलेल्या इंजिनिअरची सही घ्या.

उचलण्याचं काम स्वतः करू नका, याबद्दल आम्ही ठाम आहोत. रिकामी केबिनसुद्धा ३५ ते ४० हजार पौंड भरेल. घर हलवणाऱ्या कंपन्या लांबीच्या दिशेने दोन लोखंडी बीम सरकवतात, त्यांच्यावर आडवे बीम बाहेरच्या भिंतींखालपर्यंत नेतात, आणि एकाच यंत्राला जोडलेले हायड्रॉलिक जॅक सगळीकडे सारखे उचलतात. ‘सारखे’ हेच यातलं मर्म आहे. एक कोपरा अर्धा इंच पुढे गेला की खिडकीची काच तडकते आणि भिंतीच्या सांध्यांना चिरा पडतात. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, घर धरून ठेवायचं काम क्रिबचं, म्हणजे ६×६च्या ओंडक्यांच्या आडव्या-उभ्या रचलेल्या चौकटीचं. तिची उंची तळाच्या रुंदीच्या दुपटीच्या आत ठेवावी आणि तळ ओल्या मातीवर थेट टेकू नये. नुसत्या जॅकवर असलेल्या घराखाली कोणीही जायचं नाही, हात घालायलाही नाही.

मागे, रस्त्याच्या बाजूला मोकळी जागा असेल तर केबिन रुळांवरून चाळीस फूट मागे सरकवायला सांगा. खर्च वाढतो, पण खोदाई मोकळ्या आकाशाखाली होते, यंत्र नीट फिरतं आणि कोणालाही घराखाली काम करावं लागत नाही. आमच्या मते जागा असेल तर हाच मार्ग घ्यावा. उचलण्याआधी वीज मीटरपासून तोडा, प्रोपेनची लाइन पुरवठादाराकडून बंद करून घ्या, पाण्याचा आणि सेप्टिकचा पाइप कापून तोंडं बंद करा. विटांची चिमणी असेल तर तिचा पाया वेगळा असतो. ती केबिनबरोबर उचलली जात नाही, ती उतरवायची की ठेवायची हे आधी ठरवा.

केबिन जागेवर असतानाच चारी कोपऱ्यांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि त्या खोदाईच्या बाहेर खुंट्यांवर नेऊन ठेवा. २४ बाय ३२चा कर्ण बरोबर ४० फूट यायला हवा. साठ वर्षांच्या केबिनचा सहसा येत नाही. इंच-दोन इंच फरक निघाला तर नवा पाया कागदावरच्या काटकोनाला नव्हे, केबिनच्या खऱ्या मापांना जुळवून आखा. नाहीतर खाली ठेवताना बीम खांबाच्या कडेवर येईल.

खांब ओततानाच्या चुका पुढे कितीतरी वर्षांनी दिसतात, म्हणून इथे घाई नको. फूटिंग न हललेल्या मातीवरच टेकलं पाहिजे. जास्त खोदलं गेलं तर सुटी माती टाकून भरू नका, तेवढं काँक्रीटच जाऊ द्या. खड्ड्यात साचलेलं पाणी उपसल्याशिवाय ओतू नका. काँक्रीट ४,००० पीएसआयचं आणि ५ ते ७ टक्के हवा मिसळलेलं घ्या, जमिनीवरचा भाग गोठण्या-वितळण्यात टिकतो तो या बारीक बुडबुड्यांमुळे. प्रत्येक खांबात अर्ध्या इंचाच्या चार सळ्या, तळाशी वाकवून फूटिंगमध्ये रुतवलेल्या. मातीच्या बाजूला सळईवर ३ इंच काँक्रीट राहिलं पाहिजे. या सळ्या नसल्या तर गोठलेली माती खांबाला मुठीत धरल्यासारखी धरते आणि फूटिंगपासून तोडून वर नेते, तळ कितीही खोल असला तरी. त्याच कारणाने खांबाची बाजू गुळगुळीत हवी. ट्यूबच्या तोंडाशी सांडलेलं काँक्रीट जमिनीलगत छत्रीसारखं पसरू देऊ नका, गोठलेल्या मातीला खालून ढकलायला तेवढी कड पुरते. ट्यूबभोवती जाड प्लॅस्टिकचे दोन पदर गुंडाळा आणि स्वच्छ रेती-खडीचा भराव थराथराने दाबा. वरच्या फूटभरात मात्र चिकण माती घालून उतार बाहेर काढा, म्हणजे छताचं पाणी त्या खडीत उतरणार नाही.

पाण्यामुळे हेलिकल पाइल घ्यावे लागले तर खोदाई, पंप आणि मातीचे ढीग तिन्ही वाचतात, आणि तळ्याकाठी ही मोठी सोय आहे. पाइल उतरवताना लागणारा पिळाचा जोर मोजून भारक्षमता काढतात. २ ७/८ इंची गोल पाइलला फूट-पौंडांतला जोर गुणिले ९ ही अंतिम क्षमता, तिच्या निम्मी वापरायची. तुमच्या ७,५५० पौंडांसाठी किमान १,६८० फूट-पौंड जोर लागला पाहिजे, आणि पाइलचे स्क्रूसारखे पंख फ्रॉस्ट लाइनच्या चांगले खाली हवेत. प्रत्येक पाइलची खोली आणि शेवटचा जोर लिहिलेला तक्ता हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

खांबावर बीम बसवायला गॅल्व्हनाइज्ड, उंची कमी-जास्त करता येणारे ब्रॅकेट घ्या. बोल्ट ओल्या काँक्रीटमध्ये खोचण्यापेक्षा नंतर दोरी धरून भोकं पाडा आणि इपॉक्सीने बसवा, रेष सरळ येते. दाबाखाली औषध भरलेल्या लाकडातलं तांबं साधा खिळा खाऊन टाकतं, म्हणून सगळे खिळे-बोल्ट हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेले. बीमचे सांधे खांबावरच यायला हवेत, अधांतरी नाही. जॉइस्ट औषध न भरलेले असतील तर त्यांच्या आणि जमिनीच्या मध्ये किमान १८ इंच ठेवा. खांब जमिनीवर दोन फुटांपेक्षा उंच झाले तर तिरके टेकू द्यावेच लागतात, नाहीतर वाऱ्यात केबिन डुलते. खालून झाकायला जाळी किंवा फळ्या लावाल तेव्हा त्या जमिनीपासून तीन-चार इंच वर थांबवा. जमिनीला टेकवल्या तर फुगणारी जमीन त्यांच्यामार्फत केबिनला ढकलेल.

मशीनने निघालेली माती तळ्याच्या बाजूला टाकू नका, आणि खोदाईआधी तळ्याकडे सिल्ट फेन्स, म्हणजे गाळ अडवणारं कापडी कुंपण, लावा. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात किंवा तीव्र उतारावर १० घनयार्डांपेक्षा जास्त माती हलवायला वेगळी परवानगी लागते.

वेळेचं म्हणाल तर आई-बाबा येण्याआधी हे उरकण्याच्या मागे लागू नका. मेअखेरपर्यंत जमीन ओलीचिंब असते आणि काम जूनमध्ये रेटलं तर त्यांचा मुक्काम क्रिबवरच्या घराशेजारी जाईल. शेजाऱ्यांचा सल्ला इथे एका उन्हाळ्यापुरता कामाचा आहे. जमीन पूर्ण वितळल्यावर जूनमध्ये जॅक लावून, एका वेळी आठवा भाग इंच उचलत, पाचरी ठोकून फ्लोअर चालण्याजोगं करून घ्या. सिल कुजलेलं नाही हे आधी बघा, एकूण दोन इंचांच्या वर जाऊ नका, आणि जॅकशेजारी क्रिब रचत राहा. या हिवाळ्यात इंजिनिअर, परवाना आणि उचलणाऱ्या कंपनीची तारीख पक्की करा. खरं काम ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करा. तेव्हा जमीन कोरडी असते आणि भूजल सहसा खाली गेलेलं असतं. काँक्रीट सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ओतून व्हावं. रात्री पारा ४० फॅरनहाइटखाली जाऊ लागला तर खांबांवर इन्सुलेटेड ब्लँकेट टाका.

केबिन खाली ठेवल्यावर भिंतींच्या चिरा लगेच बुजवू नका आणि दारं रंधून घेऊ नका. साठ वर्षं वाकलेलं लाकूड सरळ व्हायला काही महिने घेतं, आज रंधलेलं दार मेमध्ये सैल पडेल. पहिल्या एप्रिलमध्ये तीच लेव्हल नळी घेऊन अठराही खांबांच्या उंच्या पुन्हा मोजा आणि शरदातल्या आकड्यांशी ताडून बघा. एखादा खांब पाव इंचापेक्षा जास्त वर आला असेल तर ब्रॅकेटचा नट लगेच फिरवू नका. आधी त्या खांबाजवळ पन्हाळीचं पाणी पडतंय का ते बघा आणि पाणी वळवा. जून उलटल्यावरही तो वरच राहिला तर ठेकेदाराला तिथली बाजू उकरून दाखवायला सांगा.